टायमिंग चेन कधी बदलावी, कशी बदलावी: नागपूरच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

लाखाच्या वर रनिंग झालेली गाडी गॅरेजमध्ये आली की चेनचा विषय निघतोच. काही जण आवाजाचा व्हिडिओ पाठवतात, काही जण दुसऱ्या मिस्त्रीने दिलेलं एस्टिमेट दाखवायला आणतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे साध्यापासून किचकटाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. सगळं कारपुरतं आहे; ट्रक आणि दुचाकीचा हिशेब वेगळा.

१. टायमिंग चेन करते काय? आणि माझ्या गाडीत चेन आहे की बेल्ट, हे कसं ओळखू?

क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (वॉल्व उघडणारा दांडा) एक फेरा झाला पाहिजे, तोही ठरलेल्या जागेवरूनच. पिस्टन वर येत असताना कोणता वॉल्व उघडा आणि कोणता बंद, हे त्यावर ठरतं. हा मेळ चेन राखते, काही इंजिनांत तेच काम रबरी बेल्ट करतो.

बेल्ट कोरडा चालतो, म्हणून तो इंजिनाच्या बाजूला प्लास्टिकच्या कव्हरखाली असतो. चेन ऑईलमध्ये भिजून चालते, म्हणून तिच्यावर ॲल्युमिनियमचं किंवा पत्र्याचं सीलबंद कव्हर असतं. आपल्याकडच्या ओळखीच्या गाड्यांपैकी ऑल्टो के१०, के सिरीज इंजिनाच्या स्विफ्ट आणि वॅगनआर, १.३ लिटर डिझेल स्विफ्ट-डिझायर, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट, आय२० डिझेल, होंडा सिटी आणि इनोव्हा क्रिस्टा यांत चेन आहे. मारुती ८००, ८०० सीसीची जुनी ऑल्टो, सँट्रो झिंग, जुनी इंडिका डिझेल, क्रिस्टाच्या आधीची डिझेल इनोव्हा आणि १.५ डिझेल डस्टर यांत बेल्ट. बेल्टवाल्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षाला बेल्ट बदला, आवाजाची वाट पाहू नका, कारण बेल्ट तुटायच्या आधी बहुधा आवाज करत नाही.

२. शोरूमवाल्याने सांगितलं होतं की चेन आयुष्यभर चालते. मग आता बदला काहून सांगून राहिले?

कारण ते आयुष्य ऑईल वेळेवर बदललं जाईल असं धरून सांगितलेलं असतं.

चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती कडीच्या भोकात फिरते. दोघींमध्ये ऑईलचा पातळ थर असतो. ऑईलमध्ये काजळी, धूळ आणि धातूचा बारीक कीस साठला की तेच पॉलिश पेपरचं काम करतं आणि पिन-भोक दोन्ही झिजतात. समजा चेनला १५० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झिजला, तरी अख्खी चेन दीड मिलिमीटर लांब झाली. ही ढील टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, भरून काढतो, पण त्याचा दांडाही ठरावीक अंतरापर्यंतच बाहेर येतो. त्यानंतर चेन तिला वाटेवर ठेवणाऱ्या गाईडच्या पट्टीवर आपटायला लागते, गाईडचं प्लास्टिक खरवडलं जातं आणि त्याचे तुकडे ऑईल चेंबरमध्ये जमा होतात.

डिझेलच्या ऑईलमध्ये काजळी जास्त, म्हणून तिथे हा त्रास आधी दिसतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांतही काजळी बरीच होते. मे २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी ग्रेडच्या ऑईलसाठी तर चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी ठेवली आहे.

३. सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड होते, मग गाडी एकदम शांत. चेनच आहे का?

असू शकते, पण लगेच इंजिन उघडायला लावू नका.

बहुतेक गाड्यांत टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत ऑईल खाली उतरतं, आणि प्रेशर बनेपर्यंत चेन मोकळी राहते. म्हणून आधी डिपस्टिक काढून पाहा. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि टेन्शनर पोकळ राहतो. मग फिल्टर पाहा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑईल परत खाली जाऊ न देणारा रबरी पडदा असतो. स्वस्तातल्या फिल्टरचा पडदा कडक होतो आणि रोज सकाळी इंजिन कोरडंच सुरू होतं. ऑईल आणि ओरिजिनल फिल्टर बदलून आठवडाभर पाहा. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचा आवाज एवढ्यावरच गेला आहे.

तरीही आवाज राहिला, तर तो येतो कुठून ते शोधा. हायड्रॉलिक टॅपेट वरून टिकटिकतात, अल्टरनेटरची पुली आणि बेल्टचा आयडलर बाहेरच्या बाजूने खरखरतात, आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं दोन तुकड्यांचं जड चाक) गिअरबॉक्सकडून, इंजिन बंद करताना जास्त. चेनचा आवाज पुढच्या कव्हरच्या आतून येतो. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हर कव्हरला टेकवून कान लावला की निम्मं काम होतं. अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवलं आणि आवाज तसाच राहिला, तर बाहेरच्या पुल्या निर्दोष सुटतात. फक्त काही सेकंद, कारण बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो.

आवाज इंजिन गरम झाल्यावरही राहत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडताना खणखणत असेल, तर थांबू नका. प्रश्न ७ पाहा.

४. आवाज काहीच नाही, पण चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी००१६ दिसतो.

क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरने सांगितलेल्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत, एवढाच या कोडचा अर्थ. लांबलेली चेन हे एक कारण. पण कॅम सेन्सर, त्याची वायर, कनेक्टरमध्ये शिरलेलं ऑईल किंवा व्हीव्हीटीच्या (वॉल्व उघडण्याची वेळ ऑईलच्या प्रेशरने मागेपुढे करणारी यंत्रणा) वॉल्वची तुंबलेली जाळी यांनीही हाच कोड येतो. सोबत पी००११ (कॅम ठरलेल्यापेक्षा पुढे सरकल्याचा कोड) असेल, तर मी आधी व्हीव्हीटीचा वॉल्व आणि ऑईल पाहीन.

नुसता कोड वाचून चेन बदलायला सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारा: लाइव्ह डेटामध्ये (चालू इंजिनाचे स्कॅनरवर दिसणारे आकडे) कॅम किती अंश मागे दिसतो? त्याच्याकडे उत्तर असेल तर माणूस कामाचा आहे. ऑसिलोस्कोप असलेलं गॅरेज मिळालं तर फारच छान. दोन्ही सेन्सरच्या लहरी शेजारी ठेवल्या की एक दात सरकलेलाही काही न उघडता दिसतो.

५. नेमकी किती किलोमीटरला बदलायची? एक आकडा सांगा ना भाऊ.

सांगत नाही, कारण एक आकडा नाहीच.

दोन गाड्या घ्या. एक टॅक्सी, शिवमडक्याहून समृद्धीवर चढते आणि शिर्डीला जाऊन येते. इंजिन एकदा गरम झालं की तासन्‌तास एका लयीत चालतं, आणि मालक धंद्यासाठी वेळेवर ऑईल बदलतो. दुसरी गाडी घरची, धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत जाते आणि दिवसातून चारदा थंड इंजिनाने सुरू होते. ऑईल नीट गरम होतच नाही, त्यात इंधन आणि ओल उतरते, आणि वर्षाला चार-पाच हजारच चालते म्हणून ऑईल दोन-दोन वर्षं तेच. पहिली गाडी दोन लाखांवर आणि दुसरी ऐंशी हजारांवर असली, तरी चेन दुसरीची आधी वाजेल असं मी म्हणेन.

म्हणून ओडोमीटर न पाहता तीन गोष्टी पाहा: ऑईलच्या बिलांची फाइल, लाइव्ह डेटातला कॅमचा अंश आणि टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते. काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून काढता येतो किंवा त्याच्या शेजारी तपासणीचं बूच असतं. तिथे दांड्यावरच्या खाचा मोजता येतात, आणि तो शेवटच्या खाचांवर असेल तर वाद संपला. हेडच्या (इंजिनाचा वॉल्ववाला वरचा भाग) कामासाठी किंवा मोठ्या ऑईल गळतीसाठी पुढचं कव्हर एरवी उघडणारच असेल आणि गाडी दीड लाखाच्या पुढे असेल, तर त्याच खोलणीत चेनची पूर्ण किट (यादी प्रश्न ८ मध्ये) टाकून घ्या. लेबर दुसऱ्यांदा जात नाही.

६. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंश असतात. जाड ऑईल टाकलं तर चेन वाचेल का?

नाही. बाहेर ४५ असो की २५, गरम इंजिनातलं ऑईल थर्मोस्टॅट आणि रेडिएटरमुळे साधारण त्याच पट्ट्यात राहतं. मे महिन्यात अडचण येते ती बंद पडलेल्या रेडिएटर फॅनमुळे किंवा कमी झालेल्या कूलंटमुळे, ऑईल पातळ म्हणून नाही.

जाड ऑईल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळची खडखड वाढते ती अशी. व्हीव्हीटीच्या बारीक वाटांनाही ते चालत नाही. मॅन्युअलमधला ग्रेड टाका आणि त्याहून महत्त्वाचं, बदलण्याचं अंतर कमी करा. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. शहरातल्या चेनवाल्या डिझेलला मी साडेसात हजारच सांगतो. एअर फिल्टरही त्याच वेळी. रस्त्यांची आणि पुलांची बांधकामं चालू असलेल्या शहरात फिल्टरच्या फटीतून शिरलेली सिमेंटची धूळ शेवटी ऑईलमध्येच जाते.

जुन्या इंजिनात फ्लश टाकून घ्या, असा आग्रह कोणी धरला तर नको म्हणा. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटतो आणि चेंबरमधली जाळी बंद करतो. मग ऑईलचं प्रेशर पडतं आणि चेनच्या आधी बेअरिंग जातात.

७. आवाज चालू असताना गाडी चालवली तर काय होईल? दिवाळीपर्यंत ढकलायची आहे.

प्रश्न ३ मधला सकाळचा दोन-तीन सेकंदांचा आवाज असेल, तर ऑईल बदलून, नजर ठेवून काही आठवडे निघतात. गरम इंजिनाचा सततचा आवाज असेल, तर नाही.

ढिली चेन गरारीवरून एक दात सरकू शकते. क्रँकच्या गरारीला २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडीचं पिकअप पडतं, सेल्फ लांब मारावा लागतो, दिवा लागतो. दोन-तीन दात सरकले किंवा चेन तुटली, तर उघड्या वॉल्ववर पिस्टन आदळतो. आजच्या बहुतेक इंजिनांत त्यांच्यामध्ये जागाच नसते. वॉल्व वाकतात, नशीब खराब असेल तर पिस्टनला भोक पडतं. १.३ मल्टिजेटमध्ये (स्विफ्ट-डिझायर, व्हिस्टाचं तेच डिझेल इंजिन) बरेचदा आधी वॉल्व दाबणारे रॉकर तुटतात आणि वॉल्व वाचतात, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

८. फक्त चेन बदलली तर चालेल का? किंवा फक्त टेन्शनर?

फक्त चेन नको. जुन्या गरारीचे दात जुन्या चेनप्रमाणे झिजून आकड्यासारखे झालेले असतात, नवी चेन त्यांवर बसून लवकर खराब होते. सायकलला नवी चेन आणि जुनी गरारी लावून पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चेन, दोन्ही-तिन्ही गाईड, टेन्शनर, क्रँकची आणि कॅमची गरारी, पुढचं ऑईल सील हे सगळं एकत्र. कॅमच्या गरारीतच व्हीव्हीटीचा ॲक्च्युएटर असेल तर तो महाग पडतो. त्याचे दात चांगले आणि लॉक पक्कं असेल तर तो ठेवायला माझी हरकत नाही.

फक्त टेन्शनर बदलणं एकाच ठिकाणी पटतं: चेन मापात आहे पण त्या टेन्शनरचं डिझाइनच कमजोर होतं. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.८ टीएसआयच्या जुन्या पिढीत असं झालं होतं आणि कंपनीने पुढे सुधारित टेन्शनर दिला. तिथेही आधी चेनचं माप घ्या.

९. इंजिन खाली उतरवावं लागतं का? गाडी किती दिवस ठेवावी लागेल?

छोट्या गाड्यांत नाही. उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढून, इंजिनाला जॅक लावून, त्या बाजूचं माउंटिंग सोडून काम होतं. बऱ्याच इंजिनांत ऑईल चेंबरही उतरवावं लागतं. पार्ट हातात असतील तर दोन दिवस धरा. काही युरोपियन इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, तिथे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातच पोहोचत नाही आणि सगळा हिशेब बदलतो. मर्सिडीजच्या काही इंजिनांत उलट: जुनी चेन वरून कापून, नवी तिला जोडून फिरवत आत घेतात आणि शेवटची कडी रिव्हेट करतात. त्या हत्याराशिवाय तिथे हात घालू देऊ नका.

१०. खर्च किती येईल?

लहान पेट्रोल गाडीलाही पाच आकडी बिल धरून चला. डिझेलला त्याहून जास्त, आणि युरोपियन टर्बोला कितीतरी जास्त. नेमका आकडा गाडीवर आणि किटच्या कंपनीवर आहे, म्हणून एस्टिमेट तोडून मागा: किट, सील आणि लिक्विड पॅकिंग, नवे बोल्ट, ऑईल-फिल्टर, कूलंट, लेबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुन्या २८ टक्क्यांच्या हिशेबाचं एस्टिमेट कोणी दाखवलं तर विचारा.

घाट रोडवर किट निम्म्या भावात मिळाली, असा फोन अधूनमधून येतो. असेल स्वस्त, पण डबा उघडून पाहा. गाईडच्या प्लास्टिकच्या कडांना बुरी, टेन्शनरच्या अंगावर पार्ट नंबर नाही, चेनच्या रंगीत कड्यांचा रंग नखाने निघतो: परत करा. पक्कं बिल देत नसेल तरी परत करा. ज्या कामाचं लेबर पार्टच्या किमतीच्या आसपास जातं, तिथे पार्टवर वाचवलेले पैसे दुसऱ्या लेबरमध्ये जातात.

११. मिस्त्रीने टायमिंग बरोबर बसवलं की नाही, हे माझ्यासारख्याला कसं कळणार?

काम चालू असताना जा आणि पुढच्या गोष्टी बघा.

क्रँक आणि कॅम लॉक करायचे टूल लावले आहेत का? १.३ मल्टिजेटसारख्या इंजिनात अंदाजाने खूण करून, व्हाइटनर लावून टायमिंग बसवणं म्हणजे जुगार. क्रँक पुलीचा बोल्ट काही इंजिनांत उलट्या आट्याचा असतो, आणि कित्येक इंजिनांत तो कोनाने (ठरावीक अंश फिरवून) कसायचा, एकदाच वापरायचा बोल्ट असतो. काही गाड्यांत गरारीला चावीच (गरारी शाफ्टवर जागेवर ठेवणारी खिट्टी) नसते, म्हणजे अख्खं टायमिंग त्या एका बोल्टच्या पकडीवर. तिथे इम्पॅक्ट गनने घर्रर्र करून सोडून दिलं तर मीही घाबरेन. टॉर्क रेंच दिसला पाहिजे.

सगळं बसल्यावर टेन्शनरची पिन काढून, इंजिन हाताने पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा पाहायच्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. इथे एक गोंधळ नेहमी होतो: दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या खुणांवर येत नाहीत आणि मालक भांडायला उठतो. त्या येणारच नाहीत. चेन आणि गरारीच्या दातांचा मेळ असा असतो की त्या कड्या पुन्हा जागेवर यायला बरेच फेरे लागतात. दोन फेऱ्यांनंतर गरारीवरच्या खुणा पाहायच्या, कड्या नाही.

शेवटी पुढचं कव्हर. लिक्विड पॅकिंग बारीक रेघेत हवं. थापलेलं पॅकिंग आत पिळून निघतं, त्याचा गोळा सुटून ऑईलच्या जाळीत बसतो. पहिला स्टार्ट देण्याआधी इंधन बंद ठेवून सेल्फ फिरवतात, म्हणजे टेन्शनरमध्ये ऑईल भरतं.

१२. नवी किट टाकली, तरी सकाळी थोडा आवाज आहे.

पहिल्या एक-दोन स्टार्टला असेल तर सोडा. आठवड्यानंतरही असेल, तर पुन्हा प्रश्न ३ मधला फिल्टर, आणि मग ऑईलचं प्रेशर गेज लावून मोजा. दोन लाख चाललेल्या इंजिनात पंप आणि बेअरिंग झिजले असतील, तर नवा टेन्शनर तरी काय करणार? किट टाकायच्या आधीच प्रेशर मोजलेलं बरं, म्हणजे नंतर कोण खोटं बोललं हा वाद राहत नाही.

१३. सीएनजीवर चेन लवकर जाते का?

सीएनजीमुळे थेट नाही. पण सीएनजीच्या गाडीत काजळी कमी, ऑईल काळं दिसत नाही, आणि मालक म्हणतो अजून तर नवंच आहे. उष्णतेने त्याची ताकद गेलेली असते. रंगावर जाऊ नका, तारखेवर जा.

१४. धक्का मारून गाडी सुरू केल्याने किंवा उतारावर गिअरमध्ये लावल्याने चेन सरकते का?

चेन आणि टेन्शनर चांगले असतील तर नाही. झिजलेल्या चेनवर हो, शक्य आहे. इंजिन थोडंसं जरी उलटं फिरलं तरी चेनची ढील टेन्शनरच्या बाजूवरून दुसरीकडे जाते, आणि टेन्शनरचं कुलूप कमजोर असेल तर दात सरकतो. संशय असलेली गाडी उतारावर हँडब्रेकवर आणि चाकाला दगड लावून ठेवा.

१५. सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी बुडाली होती. चेनला काही झालं असेल का? आणि विमा देतो का?

२३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊटच्या गाड्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. लगेच टो करून, सेल्फ न मारता ऑईल बदललं असेल तर चेनला काही होत नाही. ऑईल दुधाळ झालेलं असताना गाडी महिनाभर तशीच उभी राहिली असेल, तर पिनांना गंज लागतो आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आवाज निघतो. अशी सेकंडहँड गाडी कोणी स्वस्तात देत असेल, तर टॅपेट कव्हर उघडून चेनचा रंग पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

विम्याचं असं: पाण्याने इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन असल्यास दावा होऊ शकतो. झिजून गेलेली चेन मात्र कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिथे विचारा. ते ऑईलची बिलं मागतील.

१६. गाडी चौदा वर्षांची, डिझेल, दोन लाख वीस हजार चाललेली. चेनवर पैसे घालू की विकू?

आधी कॉम्प्रेशन आणि ऑईल प्रेशर तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील आणि पत्रा सडलेला नसेल, तर घाला. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण त्या १.३ इंजिनाच्या गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत की पार्टची चणचण नाही. पंधराव्या वर्षी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येणार आहे, तो खर्चही याच वहीत मांडा. कॉम्प्रेशन पडलं असेल, तर चेन बदलून पुन्हा सहा महिन्यांत हाफ इंजिनसाठी (अर्धं इंजिन उघडून करायची दुरुस्ती) आलेले लोक पाहिले आहेत. म्हणून कॉम्प्रेशन पडलेल्यांना विका असंच सांगतो, आणि घेणाऱ्याला आवाज सांगून विका.

१७. चेन रस्त्यात तुटली. आता काय करू?

पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का तर मुळीच नाही. प्रत्येक फेऱ्याला आणखी एखादा वॉल्व वाकू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये टो करा. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडवरच. गॅरेजमध्ये आधी कॅमेरा टाकून पिस्टनचा माथा पाहायला सांगा. माथ्यावर नुसते हलके ठसे असतील तर हेडचं काम आणि किट यांत भागतं. भोक किंवा तडा दिसला, तर हेडवर खर्च करायच्या आधी प्रश्न १६ चा हिशेब करा, कारण हेड उघडल्यावर लेबर लागलेलंच असतं.